रोड बाईक घेताय? आधी पायाचं माप घ्या
रोड बाईक घ्यायची म्हटलं की लोक आधी गिअर आणि रंग बघतात, साइज सगळ्यात शेवटी, आणि मग मान धरली की बसा शेकत. उलटं करा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, जाडसं पुस्तक दोन पायांच्या मधे सीटसारखं घट्ट वर दाबा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. समजा ८० सेंटिमीटर आलं, तर गुणिले ०.६७ म्हणजे साधारण ५३-५४ ची फ्रेम, आणि गुणिले ०.८८३ म्हणजे ७०.६, ही बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे फ्रेमला जिथे बसतात ती जागा) मध्यापासून सीटच्या वरपर्यंतची उंची. ही फक्त सुरुवात हं, कारण एका कंपनीची ५४ दुसरीच्या ५४ सारखी असेलच असं नाही, म्हणून चार्टमधे स्टॅक (फ्रेमची पुढची उंची) आणि रीच (पुढची लांबी) बघायचं.

मी पहिली बाईक सेलमधे मिळाली म्हणून एक साइज मोठी घेतली, दुकानदार म्हणाला "होईल सवय", कसली सवय, खंबाटकी चढेपर्यंत हाताला मुंग्या. स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) १०० मिलिमीटरचा ८० केला तेव्हा जरा बरं वाटलं. पण रीच कमी करायला सीट पुढे सरकवू नका, गुडघे बोंबलतात.

दोन साइजमधे अडकलात तर बहुतेक वेळा लहान घ्या. २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) करायची असेल, साडेतेरा तास असतात, तर एन्ड्युरन्स जॉमेट्रीच, म्हणजे जरा ताठ बसवणारी फ्रेम, रेसवाली वाकलेली पोझिशन फोटोत छान दिसते. पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला, कोपर सैल. कंबर डावी-उजवी हलत असेल तर सीट उंच झालीय.