सिल्व्हराडोचं एबीएस मॉड्यूल बदलायचंय? आधी अर्थची वायर बघा

अमेरिकेत जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिकडच्या जुन्या शेवरोले सिल्व्हराडो पिकअपमध्ये, म्हणजे साधारण १९९९ ते २००६ च्या, एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम) पिवळा दिवा लागला आणि स्कॅनरवर सी०२६५ किंवा सी०२०१ हा फॉल्ट कोड आला की लोक सरळ मॉड्यूल, म्हणजे एबीएसचा कंट्रोल बॉक्स, मागवतात. मागवू नका, आधी ड्रायव्हरच्या दाराखाली चेसिसवर जो अर्थच्या (ग्राउंड) वायरचा बोल्ट आहे तो खोला. बऱ्याचदा तिथे हिरवट-तपकिरी गंजाचा पापुद्रा असतो, वायर ब्रशने धातू चकचकीत होईपर्यंत घासा, बोल्ट घट्ट करा, ग्रीस लावा, कोड पुसा आणि गाडी फिरवून बघा. कोड परत आला तरच पुढचं वाचा. आणि अगदी हळू थांबताना ब्रेकचं पेडल घरघरत असेल तर ते मॉड्यूलचं नाही, बहुतेक पुढच्या चाकाच्या सेन्सरखाली गंज साठलेला असतो, तो आधी बघा.

मॉड्यूल ड्रायव्हरच्या सीटच्या बरोबर खाली, चेसिसच्या आतल्या बाजूला असतं. गाडी जॅकवर घेतली तर स्टँड लावाच, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, प्लीज. बॅटरीची निगेटिव्ह काढा. मग सगळ्यात कंटाळवाणं पण सगळ्यात महत्त्वाचं काम, ब्रश आणि ब्रेक क्लीनर घेऊन तो सगळा भाग स्वच्छ करा, कारण एकदा मॉड्यूल सुटलं की ती माती थेट आत जाते.

मेन कनेक्टरचं लॉक ओढून कनेक्टर काढा, पंपाच्या मोटरचाही काढा. मॉड्यूल ज्या टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेच्या) स्क्रूंनी धरलेलं असतं ते खोला, त्यासाठी टी-२० आणि टी-२५ दोन्ही बिट जवळ ठेवा, बिट पूर्ण आत बसल्याशिवाय जोर लावायचा नाही, डोकं घासलं गेलं तर अर्धा दिवस गेलाच समजा. ब्रेकच्या लोखंडी नळ्यांना हातच लावायचा नाही, त्या वॉल्व्ह ब्लॉकला (मॉड्यूल ज्यावर बसतं तो धातूचा ठोकळा) आहेत आणि ब्लॉक जागेवरच राहतो, त्यामुळे तेल सांडत नाही आणि ब्रेकमधली हवा काढायचीही गरज पडत नाही.

आता मॉड्यूल सरळ बाहेर ओढा, थोडं थोडं हलवत. आत वॉल्व्हची गोल टोकं असतात आणि मॉड्यूलमधल्या कॉइल त्यांच्यावर टोपीसारख्या बसलेल्या असतात, म्हणून तिरकं ओढलं की अडकतं, आणि मधे स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं तर अजिबात नाही.

माझं मत विचाराल तर जुनं मॉड्यूलच रिपेअरला पाठवा, पार्ट नंबर जुळवायची कटकट राहत नाही. तोपर्यंत उघडा ब्लॉक आणि कनेक्टर प्लास्टिकने नीट गुंडाळा आणि गाडी उभी ठेवा.

बसवताना स्क्रू हाताने, समोरासमोरचे आळीपाळीने, ड्रिल नको. कनेक्टर, बॅटरी लावा, चावी फिरवा, दिवा लागून विझला पाहिजे. मग रिकाम्या जागेत हळू पुढे घ्या, खालून मोटरचा एक छोटासा घुर्र आवाज येतो, ती सिस्टीम स्वतःला तपासते. त्यानंतर दोन-तीन वेळा ब्रेक दाबून बघा आणि मगच मेन रोडवर काढा.