आजोबांचं घड्याळ कारागिराकडे नेण्याआधी

जुनं घड्याळ हाती आलं की पहिला मोह होतो तो चावी देऊन बघण्याचा. तो आवरा. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या घड्याळातलं तेल सुकलेलं असतं आणि तशात ते चाललंच तर आतले भाग कोरडे घासून झिजतात. ‘जास्त चावी दिली म्हणून बंद पडलं’ असं घरचे सांगतील, पण दोष बहुतेकदा या तेलाचाच.

आधी फोटो काढा, मग भिंग घेऊन डायल वाचा. वरच्या मोठ्या नावापेक्षा सहाच्या आकड्याखालची बारीक अक्षरं जास्त बोलतात. तिथे ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ हे अक्षर असेल तर काट्यांवरचा चमकता रंग ट्रिटियम या किरणोत्सर्गी पदार्थाचा. त्याहून जुन्या, म्हणजे 1960च्या आसपासच्या किंवा आधीच्या घड्याळात तो रेडियमचा, म्हणजे शरीरात गेल्यास घातक अशा किरणोत्सर्गी धातूचा असू शकतो. अंधारात चमकत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका: विझते ती चमक, रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे त्याचा किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला लागणारा काळ, तब्बल 1600 वर्षांचं आहे. काच काढून फुंकर मारणं, डायल खरवडणं अजिबात नको, आणि कारागिरालाही ही शंका आधीच सांगा.

मागचं झाकण वाचताना घाई नको. ‘स्टेनलेस स्टील बॅक’ म्हणजे फक्त झाकण स्टीलचं. वरचा भाग मुलामा दिलेला असू शकतो. ‘17 ज्वेल्स’ वाचून हरखू नका, ती घर्षण कमी करणारी कृत्रिम माणकं असतात. झाकण चाकूने उघडू नका. कारागीर उघडेल तेव्हा मात्र शेजारी बसा: आतल्या बाजूला जुन्या दुरुस्त्यांच्या खुणा टोकाने कोरलेल्या सापडतात, आणि मशीनवरचा क्रमांक ओळख पटवायला सगळ्यात भरवशाचा. सेकंद काटा सेकंदाला एकच उडी मारत असेल तर बहुधा ते सेलवरचं, 1969नंतरचं. बंद असेल तर गळका सेल आधी काढून घ्या.

काय करू नका तेही स्पष्ट सांगा: डायल नव्याने रंगवणं नको, बाहेरचं धातूचं कवच घासून चकचकीत करणं नको, बदललेले सुटे भाग परत हवेत. पट्ट्याच्या स्प्रिंगच्या काड्या मात्र नव्याच घाला, त्यात भावनिक होण्यात अर्थ नाही. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असलं तरी आतलं रबर कडक झालेलं असतं, तेव्हा हात धुतानाही काढून ठेवा. दुरुस्त होऊन आलं की रोज ठरल्या वेळी चावी द्या, आणि बोटाला अडल्यासारखं वाटलं की थांबा.