आजीच्या लगद्यातून आयर्न मॅनचं हेल्मेट

दिवाळीची सुट्टी संपत आली की शाळांत गॅदरिंगचं वारं सुटतं आणि घरोघरी पोरं हट्ट धरतात, ‘मला आयर्न मॅन व्हायचंय.’ म्हणजे कॉमिक-सिनेमातला तो चिलखतवाला हिरो. बाजारातला तयार मुखवटा पातळ प्लॅस्टिकचा असतो, नुसता तोंडापुरता, आणि त्याचं रबर कार्यक्रमाआधीच तुटतं. चांगली हेल्मेटं ऑनलाइन दिसतात, पण किमती बघून आपण फोन खाली ठेवतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही.

पण सोंग आणायची कला आपल्याच मातीतली आहे. पैठणच्या एकनाथांची भारुडं सोंगं घेऊन म्हणतात ती शेकडो वर्षांपासून. आणि हेल्मेटाला लागणारं साहित्यही आपल्या जुन्या घरांत होतंच. माझी आजी रद्दी भिजवायची, त्यात वाटलेली मेथी घालायची, घागर पालथी घालून तिच्यावर तो लगदा थापायची आणि टोपल्या करायची. शेंगा, लसूण, वाळवणं असं सगळं त्यात राहायचं. हलक्या, टणक, कीड न लागणाऱ्या टोपल्या. परदेशातले चाहते हेल्मेटं फोमच्या शीटची करतात. तीही छान होतात, पण आपल्या तालुक्याच्या गावी तो फोम शोधत फिरण्यापेक्षा मला लगदाच सरस वाटतो. गेली काही वर्षं मी लातुरात भाच्या-पुतण्यांसाठी असंच करत आलोय.

आधी डोकं मोजा, मग कळशी शोधा

कपाळावरून, कानांच्या जरा वरून टेप फिरवा. दहा वर्षांच्या मुलाचा घेर साधारण ५२-५३ सेंटिमीटर भरतो. जिच्या पोटाचा घेर त्याहून दहा-बारा सेंटिमीटर जास्त आहे अशी कळशी घ्या. इतकं कशाला, असं वाटेल. पण लगदा वाळताना आक्रसतो, शिवाय आतून स्पंजचं अस्तरही लावायचंय.

आयर्न मॅनच का, तर गोल डोकं आणि सपाट चेहरा कळशीवर सोपा जमतो. रंगाची धास्ती असेल तर हे लक्षात ठेवा: १९६३ साली तो कॉमिकमध्ये पहिल्यांदा आला तेव्हा त्याचं चिलखत करड्या रंगाचं होतं. पुढच्याच अंकात ते सोनेरी झालं, लाल-सोनेरी जोडी त्यानंतरची. एकाच करड्या डब्यात भागवलं तरी पोरगं अस्सल आयर्न मॅनच दिसेल.

लगदा

अर्धा किलो रद्दी पुरते. गुळगुळीत रंगीत पानं बाजूला काढा, ती नीट भिजत नाहीत. उरलेल्या कागदाचे बारीक तुकडे करून दोन दिवस पाण्यात ठेवा, मधे एकदा पाणी बदला आणि ते झाडांना घाला. मूठभर मेथी रात्री वेगळी भिजत टाका.

तिसऱ्या दिवशी कागद उखळात कुटा. मिक्सर वापरणार असाल तर थोडा थोडा कागद आणि भरपूर पाणी घ्या, नाहीतर मोटार तापते. मग फडक्यात घालून पिळा. मेथी वाटून त्यात मिसळा आणि कणकेसारखं मळा. मेथीचा चिकटपणा लगद्याला धरून ठेवतो, तिच्या कडवटपणामुळं कीड लांब राहते. जास्त बळकटी हवी असेल तर चिंचोक्याच्या पिठाची खळ शिजवून घाला. काही जण खळीत मोरचूद टाकतात. मुलाच्या नाका-तोंडाशी येणारी वस्तू आहे, मोरचूद विषारी असतं, ते अजिबात नको.

मुठीत दाबल्यावर गोळा राहिला आणि बोटांमधून पाणी आलं नाही, की लगदा तयार.

थापणं आणि वाळवणं

सगळा खेळ इथं आहे, म्हणून इथं घाई करू नका. कळशी पालथी घाला, तिला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट गुंडाळा, वर ओलं सुती फडकं टाका. मग बुडापासून खाली, जाड भाकरीइतका थर देत थापत या. पोटाचा सर्वांत फुगीर भाग आला की थांबा. त्याच्या खाली एक बोटही गेलात तर लगद्याचा टोप कळशीवरून निघणार नाही.

माझं पहिलं हेल्मेट इथंच गेलं. पिशवी न लावता थेट तांब्याच्या कळशीवर थापलं आणि चार दिवस उन्हात सोडलं. लगदा आक्रसून कळशीला असा आवळून बसला की हलेचना. मी करवत घेऊन बसलो, तेवढ्यात आई आली. ‘अरे, तोडायलास कशाला? कडंनं ओलं कर की!’ तिनं काठाशी ओलं फडकं गुंडाळलं आणि तासाभरानं हळूहळू फिरवत टोप सोडवला. पण एव्हाना उन्हानं माथ्यावर बोटभर भेग पाडलीच होती. तेव्हापासून दोन दिवस सावलीत ठेवतो, अर्धवट वाळला की कळशीवरून सोडवतो आणि मगच ऊन दाखवतो. बोटानं वाजवल्यावर सुक्या भोपळ्यासारखा टकटक आवाज आला म्हणजे आतपर्यंत वाळला. भेग पडलीच तर ताजा लगदा भरायचा.

हे काम पावसाळ्यात काढू नका, बुरशी धरते. आपल्याकडचं दिवाळीनंतरचं कोरडं ऊन यासाठी उत्तम.

चेहरा

चेहरा आणि जबडा फ्रिज-कूलरच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा करा. आधी वर्तमानपत्रावर अर्धा चेहरा काढून कागद दुमडून कापा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. तो नमुना पुठ्ठ्यावर उतरवा. वाकवायच्या जागी आतून बोथट सुरीनं रेघ ओढली की घडी सरळ पडते. हा पुठ्ठा टोपाला दाभण आणि सुतळीनं शिवा. नुसत्या गोंदावर भरवसा ठेवू नका, गॅदरिंगच्या धावपळीत तो सुटतो. शिवणीवर खळीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या तीन-चार थर चिकटवा. नाकाखाली आणि कानांपाशी भोकं हवीतच. त्यांच्याशिवाय स्टेजवरच्या दिव्यांत पोराचा जीव घुसमटेल.

मग पेंटरकडची पुट्टी पातळ लावा, वाळली की आधी ८० आणि नंतर २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा. नाकाला रुमाल बांधून आणि अंगणात. एक हात प्रायमर, दोन हात रंग.

सोनेरी भागासाठी मात्र रंग घेऊ नका. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतो ते बेगड घ्या. लातुरात गंजगोलाईत, सोळा रस्ते जिथं मिळतात तिथं, पोळ्याच्या आधी एखादं पाकीट जास्तीचं घेऊन ठेवायचं. पातळ गोंद लावून, बेगड अंथरून कापसानं दाबत न्या. दिव्याखाली ते जसं लखलखतं तसा कुठला सोनेरी रंग लखलखत नाही.

डोळे आणि छातीचा दिवा

डोळ्यांच्या फटींमागं जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा तुकडा लावा. बाहेरून काळं दिसतं, आतून बऱ्यापैकी दिसतं. पायऱ्या चढता-उतरताना मात्र हेल्मेट काढायचंच, हे मुलाला बजावून सांगा.

दिवा डोळ्यांपाशी नको, आयर्न मॅनचा असतो तसा छातीवर ठेवा. निळी किंवा पांढरी एलईडी तीन व्होल्टच्या सीआर २०३२ सेलवर थेट पेटते. लांब पाय सेलच्या धन बाजूला, आखूड ऋण बाजूला, वर चिकटपट्टी. समोर डब्याचं दुधी झाकण लावलं की प्रकाश गोल पसरतो. सेल पक्का बंद करा. लहान मुलानं गिळला तर अन्ननलिका भाजते, जिवावर बेततं.

मागच्या खेपेला पुतणीनं दिव्याखाली आडव्या पट्ट्या काढल्या आणि एकेक आकडा लिहिला. म्हणाली, ‘ही धरणातल्या पाण्याची पातळी. माझी हिरोईन ती भरते.’ २०१६ च्या एप्रिलमध्ये दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं, ते तिनं घरच्यांच्या तोंडूनच ऐकलंय. तुमच्या मुलाला असं काही सुचलं तर मूळ चित्रासारखंच हवं म्हणून अडवू नका. आपल्या हिरोला आपलं नाव द्या. आयर्न मॅन म्हणून केलेलं घरात, गॅदरिंगमध्ये मिरवा, पण त्या नावानं विकायला काढू नका. ते पात्र कंपनीच्या मालकीचं आहे.

कार्यक्रम झाला की हेल्मेट पुसून, दिवसभर हवेशीर ठेवून, आत कडुलिंबाचा सुका पाला घालून माळ्यावर ठेवा. आईच्या माळ्यावर आजीची शेवटची टोपली आहे. आमची दोन हेल्मेटं तिच्याच शेजारी असतात.