आतड्याच्या रोगांवर संशोधन : शेणापासून सुरुवात

आतड्याच्या संसर्गजन्य रोगांवर काम करायचंय असं म्हणत जी मुलं-मुली येतात, त्यांच्या डोक्यात जीनोम, लस आणि मोठं जर्नल असतं. पहिले काही महिने हाताखालून जातं ते मात्र शेण, नाहीतर पेशंटच्या शौचाचे नमुने. मी पशुवैद्यक शाखेतून आलेलो असल्यानं किळस कधीच संपली होती. माणसांचं वैद्यक शिकून आलेल्यांना जरा वेळ लागतो, तो लागू द्यावा.

सगळं अडतं ते नमुन्यावर. जुलाब सुरू झाल्यावर लवकर, शक्यतो अँटिबायोटिक पोटात जायच्या आधी तो घ्यायचा आणि आल्या आल्या त्याचे भाग पाडायचे: एक कल्चरला (जंतू वाढवून पाहायला), एक पीसीआरला (जंतूचं जनुकीय द्रव्य शोधायला), एक जपून ठेवायला. जुलाब घडवणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर या जीवाणूला कोरडेपणा सोसत नाही, हवेतला ऑक्सिजनही जास्त होतो. म्हणून नमुना जंतू जिवंत ठेवणाऱ्या कॅरी-ब्लेअर माध्यमात पाठवतात आणि कमी ऑक्सिजनमध्ये 42 अंशांना वाढवतात. नुसता फ्रीझरमध्ये टाकलात तर नंतर प्लेटवर काही उगवेलच असं नाही. पीसीआरची अडचण वेगळी. विष्ठेतले पित्तक्षार आणि शर्करा अभिक्रिया दाबून टाकतात, त्यामुळे अंतर्गत कंट्रोलशिवाय, म्हणजे अभिक्रिया चालली का हे दाखवणाऱ्या सोबतच्या चाचणीशिवाय, आलेल्या निगेटिव्हवर मी विश्वास ठेवत नाही.

पण खरी मेख पॉझिटिव्हमध्ये आहे. हगवण लागलेल्या वासरात क्रिप्टोस्पोरिडियम सापडला की नवखा माणूस कारण मिळालं म्हणून मोकळा होतो. तोच परजीवी शेजारच्या ठणठणीत वासराच्या शेणातही निघू शकतो, आणि आजारी वासरात त्याच्या जोडीला रोटाव्हायरसही असतो. माणसांच्या लहान मुलांतही हेच दिसतं. म्हणून त्याच वयाचे, त्याच गोठ्यातले किंवा वस्तीतले निरोगी नमुने हवेतच. ते गोळा करणं कंटाळवाणं असतं, पालक आणि पशुपालक ‘आमचं तर बरं आहे की’ म्हणतात, आणि निधी कमी पडला की पहिली कात्री तिथेच लागते. ती लागू देऊ नका.

दोन्ही शाखांचं वाचन ठेवा. वासरांच्या हगवणीतला रोटाव्हायरस 1969 मध्ये नोंदवला गेला, मुलांमधला 1973 मध्ये. पुढे मुलांच्या एका लसीत गाईचाच स्ट्रेन वापरला गेला.

बॅरी मार्शल या डॉक्टरनं 1984 साली जठराला सूज आणणारे हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जंतू स्वतः प्यायले, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला 1982 ची हकीकत जास्त कामाची वाटते. तोवर जठराच्या नमुन्यांच्या कल्चर प्लेटा दोन दिवसांत फेकल्या जात. ईस्टरच्या सुट्टीत काही तशाच राहिल्या आणि त्यांवर हा जंतू उगवला. मार्शल नि त्याचा सहकारी वॉरन यांच्या कामाला 2005 मध्ये नोबेल मिळालं. गुरांच्या आतड्याला होणाऱ्या जॉन्स रोगाचा जंतू तर त्याहूनही संथ, घन माध्यमावर कित्येक आठवडे घेतो. लागण झालेल्या जनावरात लक्षणंही बहुधा दोन वर्षांनंतरच दिसतात. तीन वर्षांच्या फेलोशिपमध्ये हा विषय घेणार असाल, तर आधीपासून साठवलेले नमुने प्रयोगशाळेत आहेत का, ते विचारा.

आणि हात साबण-पाण्यानं धुवा. क्रिप्टोस्पोरिडियमच्या ऊसिस्टना, म्हणजे शेणातून बाहेर पडणाऱ्या त्याच्या कवचधारी अवस्थांना, अल्कोहोलच्या सॅनिटायझरनं फारसं काही होत नाही, नेहमीच्या क्लोरीनलाही त्या दाद देत नाहीत. वासरं हाताळणाऱ्या पशुवैद्यक विद्यार्थ्यांना लागण झाल्याच्या नोंदी कितीतरी आहेत.

गाईड निवडताना त्यांचे शोधनिबंध जरूर पाहा, पण भेटायला गेलात की फ्रीझरची नोंदवहीही बघायला मागा. कोणती नळी कुठल्या कप्प्यात आहे आणि ती किती वेळा वितळवून पुन्हा गोठवली, हे तिथे लिहिलेलं असेल तर बिनधास्त रुजू व्हा.