नव्या लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर काढताना या चुका टाळा

जूनमध्ये कॉलेजं उघडली की आणि दसरा-दिवाळीची खरेदी झाली की माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर एका विशिष्ट प्रकारचे लॅपटॉप येतात. नवे कोरे, वॉरंटीतले, हार्डवेअर ठणठणीत. बिघाड असतो तो मालकाने पहिल्याच आठवड्यात केलेल्या साफसफाईचा. कुणीतरी सांगितलेलं असतं, "कंपनीचा कचरा आधी काढ, मग लॅपटॉप पळतो." अर्धवट खरं असलेल्या या सल्ल्याने सोलापुरात जेवढे लॅपटॉप आजारी पाडलेत, तेवढे व्हायरसनेही पाडले नसतील.

लॅपटॉपबरोबर आलेलं सॉफ्टवेअर ढोबळमानाने तीन प्रकारचं असतं. काही हार्डवेअर चालवतं: टचपॅड, आवाज, वरच्या फंक्शन की, पंखा, बॅटरी. काही दुसऱ्या कंपन्यांनी पैसे देऊन बसवलेलं असतं: अँटीव्हायरसची ट्रायल, गेम, व्हीपीएन, हॉटेल बुकिंगचे शॉर्टकट. आणि काही मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं. आपली माणसं पहिल्या प्रकारचं काढतात आणि दुसऱ्या प्रकारचं ठेवतात. सगळा घोळ इथे आहे.

चूक पहिली: कंपनीचं नाव दिसलं की उडवणं

जुळे सोलापुरातला एक इंजिनिअरिंगचा मुलगा वडिलांना घेऊन आला होता. वडील टॉवेल कारखान्यात कामाला, लॅपटॉप हप्त्यावर घेतलेला. दुसऱ्या दिवशी मुलाची ऑनलाइन मुलाखत, आणि लॅपटॉपचा टचपॅड मेलेला, हेडफोन लावला तरी आवाज स्पीकरमधूनच येतोय, ब्राइटनेसची की दाबली तर काही हलत नाही. दुकानदाराने "मदरबोर्ड गेला असेल, सर्व्हिस सेंटरला पाठवू" म्हणून सांगितलेलं. वडिलांचा चेहरा बघवत नव्हता.

मी मुलाला एवढंच विचारलं, "काय काय काढलंस बे?"

आधी "काहीच नाही." मग "थोडंसं." मग मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. ॲप्सच्या यादीत जाऊन कंपनीचं नाव असलेलं, इंटेल लिहिलेलं, रियलटेक लिहिलेलं, जे जे ओळखीचं नाही ते ते त्याने एका बैठकीत काढलं होतं. त्यात इंटेल सिरियल आयओचा ड्रायव्हर (हार्डवेअरला विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर) होता. आजच्या बऱ्याच लॅपटॉपचा टचपॅड त्याच मार्गाने प्रोसेसरशी बोलतो. तो ड्रायव्हर काढला की टचपॅड गप्प, पण यूएसबी माउस चालतो. म्हणून माणसाला वाटतं, टचपॅडच जळाला. रियलटेकचं आवाजाचं सॉफ्टवेअर गेल्यामुळे हेडफोन घातल्याचं लॅपटॉपला कळेना. कंपनीचं हॉटकी सॉफ्टवेअर गेल्यामुळे वरच्या की नुसत्या शोभेच्या.

इलाज साधा होता. लॅपटॉप उलटा करून सिरियल नंबर बघितला, कंपनीच्या साइटवर टाकला, त्याच मॉडेलचे ड्रायव्हर उतरवले. आधी चिपसेट, मग सिरियल आयओ, मग आवाज, शेवटी हॉटकी, आणि प्रत्येकानंतर रीस्टार्ट. रीस्टार्टला कंटाळू नका. चार ड्रायव्हर एकदम टाकून शेवटी एकच रीस्टार्ट करणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो, कारण काही अडलं तर कशामुळे अडलं हे मग कुणालाच सांगता येत नाही. मदरबोर्डला काही झालेलं नव्हतं. मुलाची मुलाखत त्याच लॅपटॉपवर झाली.

म्हणून यादीत एखादं अनोळखी नाव दिसलं तर ते कुणाचं आहे हे बघून ठरवू नका, ते काय काम करतं ते बघा. एचपीमध्ये सिस्टम इव्हेंट युटिलिटी दिसली तर ती फंक्शन कींसाठी आहे, राहू द्या. एसरचं क्विक ॲक्सेस, डेलचं पॉवर मॅनेजर, आसूसचं मायआसूस, लेनोवोचं व्हँटेज, हेही राहू द्या. यातल्या मायआसूस आणि व्हँटेजबद्दल सोलापूरकरांना तर मी हात जोडून सांगतो. लिथियमची बॅटरी दोन गोष्टींनी लवकर म्हातारी होते: उष्णता आणि सतत पूर्ण भरलेलं राहणं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, आणि ऑफिसातला लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच लावलेला असतो. मायआसूसमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे, व्हँटेजमध्ये कन्झर्व्हेशन मोड आहे. ते सॉफ्टवेअर काढलं की ही सोय तुमच्या हातातून गेली. दोन उन्हाळ्यांत फुगलेली बॅटरी घेऊन येणारे बहुतेक जण ही सोय असल्याचंच ऐकून थक्क होतात.

याचा अर्थ कंपनीने दिलेलं सगळं पवित्र असा नाही. २०१४ च्या सुमाराला लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर आलं होतं. सुरक्षित वेबसाइटमध्येही जाहिरात दाखवता यावी म्हणून ते स्वतःचं सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचा डिजिटल दाखला) विंडोजमध्ये बसवायचं. फेब्रुवारी २०१५ मध्ये बोभाटा झाला. नुसता प्रोग्रॅम काढला तरी ते सर्टिफिकेट मागे राहत होतं, म्हणून लेनोवोला वेगळं साधन द्यावं लागलं. डेलच्या सपोर्टअसिस्टमध्ये २०१९ मध्ये गंभीर त्रुटी सापडली होती, ती अपडेटने भरली. तेव्हा जे ठेवाल ते अपडेट ठेवा. वर्षभर न उघडलेलं, न अपडेट केलेलं कंपनीचं सॉफ्टवेअर ठेवून काही उपयोग नाही.

चूक दुसरी: ट्रायल अँटीव्हायरस सांभाळत बसणं

जे काढायचं ते मात्र कुणी काढत नाही. अँटीव्हायरसची ट्रायल संपते, मग लाल अक्षरांत "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे" असं येत राहतं, आणि घरातलं मोठं माणूस घाबरून कार्डाने पैसे भरून मोकळं होतं. एका शिक्षिका काकूंनी तर ट्रायलच्या जोडीला दुसरं फुकटचं अँटीव्हायरसही टाकलं होतं, जास्त सुरक्षा म्हणून. दोन अँटीव्हायरस एकाच फाइलवर झडप घालतात, आणि ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपला साधी वर्डची फाइल उघडायला घाम फुटतो.

विकत घ्यायचं नसेल तर ट्रायल पहिल्याच आठवड्यात काढा आणि रीस्टार्ट करा. विंडोजचं स्वतःचं अँटीव्हायरस, डिफेंडर, आपोआप चालू होतं. विंडोज सिक्युरिटी उघडून ते चालू झालंय का एवढं डोळ्यांनी बघा. घरच्या वापराला ते पुरतं, हे माझं मत आहे आणि गिऱ्हाईक नाराज झालं तरी मी ते बदलत नाही. मॅकॅफीचे अवशेष राहिले तर मॅकॅफीच्याच साइटवर ते पुसायचं साधन मिळतं. तेच वापरा, प्रोग्रॅम फाइल्समधली फोल्डरं हाताने डिलीट करू नका.

गेम, बुकिंगचे शॉर्टकट, ओळख नसलेलं व्हीपीएन: विचार न करता काढा.

चूक तिसरी: "एवढे सारखे प्रोग्रॅम कशाला?"

ॲप्सच्या यादीत मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल (दुसरी सॉफ्टवेअर चालायला लागणाऱ्या फाइलींचा संच) सात-आठ वेळा दिसतं, वेगवेगळ्या वर्षांचं. ते डुप्लिकेट नाहीत. २०१० चं सॉफ्टवेअर २०१० चंच मागतं. काढून जागा जवळपास काहीच वाचत नाही, आणि नंतर चादरीचं डिझाइन करायचं किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर "डीएलएल सापडत नाही" म्हणून बंद पडतं. वेबव्ह्यू२ रनटाइमचंही (ॲप्सच्या आत वेबपान दाखवणारा मायक्रोसॉफ्टचा भाग) तसंच. या दोघांना हात लावू नका.

चूक चौथी: एका ओळीची कमांड

व्हिडिओत सांगतात, पॉवरशेल (विंडोजला टाइप करून हुकूम द्यायची खिडकी) उघडा, ही ओळ चिकटवा, एंटर. त्या ओळीने जवळपास सगळी स्टोअर ॲप्स जातात, त्यात फोटो, कॅल्क्युलेटर आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरसुद्धा. स्टोअर गेलं की परतीची वाट अवघड होते, कारण व्हँटेज, मायआसूस, रियलटेकचं ऑडिओ कन्सोल ही आता स्टोअरमधूनच येतात. ओळ लिहिणाऱ्याने ती स्वतःच्या मशीनसाठी लिहिली होती. तुमच्या मशीनवर काय आहे ते त्याला माहीत नाही, आणि ती ओळ काय करते ते तुम्हाला माहीत नाही. ज्यांना दोन मिनिटांत लॅपटॉप "हलका" हवा असतो त्यांच्याशी मी वाद घालतो आणि घालत राहीन.

चूक पाचवी: सरळ फॉरमॅट

यावर जरा सविस्तर बोलायला हवं, कारण यात लोकांचे पैसे बुडतात.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक मालक. युनिफॉर्मचा धंदा, बिलं आणि पार्ट्यांचे हिशेब एक्सेलमध्ये. नवा लॅपटॉप घेतला, त्यात विंडोज होम आणि आयुष्यभराचं ऑफिस, दोन्ही अस्सल, किमतीत धरलेलं. ओळखीतल्या पोराने सांगितलं, "अण्णा, कंपनीचं विंडोज जड असतंय, मी तुम्हाला हलकं टाकून देतो." पेनड्राइव्ह लावला तर इन्स्टॉल करताना डिस्कच दिसेना. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (डिस्क हाताळायची इंटेलची सोय) चालू असतं, त्यामुळे इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर दिल्याशिवाय विंडोजच्या सेटअपला एसएसडी दिसत नाही. ड्रायव्हर द्यायचा सोडून पोराने बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारं, मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) जाऊन ते सेटिंग बदललं. डिस्क दिसली. मग सगळी पार्टिशनं उडवली, कंपनीचं रिकव्हरी पार्टिशनही गेलं. चोरीचं विंडोज प्रो टाकलं, चोरीचं ऑफिस टाकलं, आणि ते सुरू व्हावं म्हणून ॲक्टिव्हेटर चालवला. तो चालवायला डिफेंडर बंद करावं लागतं. ते त्याने बंद केलं आणि बंदच ठेवलं.

माझ्याकडे आले तेव्हा तक्रार होती "नेट हळू चालतंय." बघतो तर पाठीमागे भलतंच काहीतरी प्रोसेसर खात बसलेलं, आणि याच लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार. मी त्यांना तिथेच मोबाइलवरून नेट बँकिंगचा पासवर्ड बदलायला लावला, मग बाकीचं काम.

पैसे देऊन घेतलेलं अस्सल विंडोज काढून चोरीचं टाकलेलं मी किती वेळा बघितलं, त्याने प्रत्येक वेळी तितकाच जीव जळतो. विंडोज ८ पासून लॅपटॉपच्या विंडोजची लायसन्स की कंपनी मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच ठेवते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून अस्सल विंडोज उतरवून टाकलं की होम आपोआप ओळखलं जातं, ॲक्टिव्हेटही होतं. मालकांनी घेतल्या दिवशी ऑफिस एकदा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून उघडलं होतं, त्यामुळे लायसन्स खात्यावर होतं, तेही परत मिळालं. नवा लॅपटॉप घेतला की ऑफिस पहिल्याच दिवशी आपल्या खात्यातून उघडून ॲक्टिव्हेट करा, दुकानातल्या पोराच्या खात्यातून नाही. आणि त्या खात्याचा पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

खरंच कोरं विंडोज हवं असेल तर सेटिंग्जमधलं रीसेट आधी बघा. त्यातला क्लाउड डाउनलोडचा पर्याय विंडोज मायक्रोसॉफ्टकडून नव्याने उतरवतो. त्याआधी वायफायचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. विसरलात तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा नेट मिळतं.

बायोसमध्ये बोटं घालण्याआधी आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरने बायोस अपडेट सुचवला तरीही, बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की हाताशी आहे का ते बघा. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. बायोसमध्ये फेरफार झाला की निळ्या स्क्रीनवर ४८ अंकी की मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. खातं दुसऱ्याचं असेल तर तुमचा डेटा त्याच्या खिशात. बायोस अपडेट करताना चार्जर लावलेला असावा आणि बॅटरीही भरलेली असावी. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि अर्धवट राहिलेला बायोस मदरबोर्ड खरोखरच घालवू शकतो.

किरकोळ चुका

रजिस्ट्री क्लीनर (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदी "साफ" करणारी सॉफ्टवेअर): नको. मायक्रोसॉफ्टच त्यांच्या वापराला पाठिंबा देत नाही. आणि नावाजलेलं म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवायचा असेल, तर २०१७ मध्ये सीक्लीनर या साफसफाईच्या सॉफ्टवेअरच्या एका अधिकृत आवृत्तीतच मालवेअर घुसलं होतं, हे लक्षात असू द्या.

रिकव्हरी पार्टिशन जागेसाठी पुसणं: नको. जागा हवी तर डाउनलोड्स फोल्डर आणि व्हॉट्सॲपचे व्हिडिओ आधी बघा.

लॅपटॉप हळू म्हणून सॉफ्टवेअर काढणं: आधी टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप ॲप्स बघा. बहुतेकदा दुखणं तिथेच असतं, आणि तिथे नुसतं डिसेबल केलं तर काहीच गमवावं लागत नाही.

मी कसं करतो

आधी मोबाइलने ॲप्सच्या पूर्ण यादीचे फोटो काढतो. सिस्टम प्रोटेक्शन बऱ्याच लॅपटॉपवर बंदच असतं, ते सी ड्राइव्हसाठी चालू करतो आणि रिस्टोअर पॉइंट (काही बिघडलं तर परत जाता येईल अशी खूण) बनवतो. ज्याबद्दल शंका आहे ते काढत नाही, स्टार्टअपमधून बंद करतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, आठवडाभर नेहमीसारखं वापरा: हेडफोन लावा, प्रिंट काढा, झाकण मिटून उघडा, ब्राइटनेस कमी-जास्त करा, झूमवर बोला. कुठे अडलं नाही तर मग काढायचं, एका वेळी एक. लोकांना हा आठवडा जड जातो. "आत्ताच करून द्या ना" म्हणतात. मी देत नाही.

आणि ड्रायव्हर आपोआप शोधून देणारी फुकटची सॉफ्टवेअर आणून बसवू नका. काढून टाकलेल्या कचऱ्याच्या जागी तोच कचरा पुन्हा येतो. लॅपटॉपच्या पाठीवरचा सिरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग स्टिकर पुसट व्हायच्या आत फोटो काढून ठेवा. तो कंपनीच्या साइटवर टाकला की तुमच्या मॉडेलचे सगळे ड्रायव्हर एका पानावर मिळतात, फुकट.