अकरावी-बारावीच्या राज्यशास्त्राच्या वर्गाचे नियम कसे ठरवायचे

नवीन शिक्षकांना दोन सल्ले हमखास मिळतात. एक, वर्गात चालू राजकारण आणूच नका, पुस्तक शिकवा आणि मोकळे व्हा. दुसरा, मुलांना मोकळेपणानं बोलू द्या, आपोआप शिकतात. दोन्ही ऐकू नका. पहिल्याने मुलं राज्यशास्त्र फक्त पाठ करतात आणि दुसऱ्याने दहा मिनिटांत वर्गाचे दोन गट पडतात जे नंतर कँटीनमध्ये पण एकत्र बसत नाहीत. मी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला हा विषय बरीच वर्षं शिकवतेय, खाली लिहिलेली पद्धत टिकलेली आहे.

१. हजेरी, वही, मोबाईल. ७५ टक्के हजेरी हा बोर्डाचा नियम आहे, मोबाईल बॅगेत, वही आठवड्याला. पाच मिनिटांत सांगून संपवा.

२. मार्कांचं पहिल्याच दिवशी. ८० लेखी आणि २० अंतर्गत. हे २० कशावर देणार ते फळ्यावर लिहा आणि खाली एक ओळ लिहा, मतावर मार्क नाहीत. मुलांच्या मनात ही भीती खरंच असते की मॅडमना न आवडणाऱ्या पक्षाच्या बाजूने बोललो तर मार्क जातील, आणि ती असेपर्यंत कोणी खरं बोलत नाही.

३. संविधानाची प्रत टेबलावर. शासनाची मराठी आवृत्ती घ्या. जो म्हणेल "संविधानात असं लिहिलंय" त्याने उठून कलम काढून वाचून दाखवायचं. बातमी आणली तर पेपरचं नाव आणि तारीख पाहिजे, व्हॉट्सॲपवर आलेलं पुरावा म्हणून चालणार नाही, मग ते कोणाच्याही बाजूचं असो.

४. चर्चेचे नियम. खरं काम इथे आहे आणि मला पण सगळ्यात जास्त त्रास इथेच झालाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हे समजून घ्या की वर्गात भांडण दिल्लीवरून होत नाही. भांडण होतं ग्रामपंचायतीवरून. एकाचे वडील सरपंच असतात, मागच्या बाकावरच्याचे काका विरोधी पॅनलमधून पडलेले असतात, आणि तुम्ही "स्थानिक शासन" म्हणालात की दोघांच्या डोळ्यांसमोर घरचं जेवणाचं ताट येतं. हे तुम्हाला माहीत नसतं, त्यांना आणि सगळ्या वर्गाला माहीत असतं. म्हणून पहिला नियम, गावातल्या आणि घरातल्या माणसाचं नाव चर्चेत येणार नाही. पदाबद्दल बोला, माणसाबद्दल नाही. सरपंचाला काय अधिकार असावेत हे चालेल, आमच्या सरपंचाने काय केलं हे नाही चालणार.

बाकीचे नियम मी विधानसभेकडूनच घेते, कारण मग मुलांना ते शिक्षा वाटत नाहीत, अभ्यासक्रमच वाटतो. प्रत्येक चर्चेला एक विद्यार्थी अध्यक्ष, दर वेळी वेगळा. सगळ्यांनी अध्यक्षांकडे बघून बोलायचं, एकमेकांकडे नाही. ऐकायला साधं वाटतं पण "अध्यक्ष महोदय, आधीच्या सदस्यांनी जे सांगितलं" असं म्हणायला लागलं की आवाज आपोआप खाली येतो, "तू गप रे" म्हणायला जागाच राहत नाही. अध्यक्षाने स्वतःचं मत द्यायचं नाही, कलम १८९ प्रमाणे मतं समसमान झाली तरच निर्णायक मत. न्यायालयाच्या निकालावर हवं तेवढं बोला पण न्यायाधीशांच्या वागण्यावर नाही, कलम २११ विधिमंडळाला पण तेच सांगतं.

उत्तर देण्याआधी समोरच्याचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा आणि तो "हो, मी हेच म्हणालो" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. हा नियम काहीही झालं तरी सोडू नका. पहिले काही तास चर्चा रखडते, मुलं कंटाळतात, तुम्हाला वाटेल पोर्शन मागे पडतोय. पडू द्या.

बाजू चिठ्ठी टाकून द्या. मुलांना स्वतः बाजू निवडू दिली तर ती घरचा पक्ष निवडतात, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. आणि "कोण कोणत्या पक्षाचं" म्हणून हात वर करायला कधीच सांगू नका, गंमत म्हणून पण नाही.

पहिला विषय मी नेहमी हाच देते, सरपंच थेट जनतेतून निवडावा की सदस्यांमधून. आपल्या राज्यात २०१७ ला थेट निवड आली, २०२० ला रद्द झाली, २०२२ ला परत आली, म्हणजे दोन्ही बाजूंना सरकारचेच निर्णय हाताशी आहेत. थेट निवडीत सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्याचं असं झालं तर काम कसं चालणार, हा प्रश्न कोणीतरी विचारतंच, तिथून वर्ग जागा होतो.

मग पक्षांतर. महाराष्ट्रात राहून २०२२ ची शिवसेनेतली फूट टाळता येणार नाही, टाळू पण नका. पण "गद्दार कोण" ने सुरुवात झाली की तास गेला. त्याआधी संविधानाचं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, वाचून घ्या, ते १९८५ ला ५२ व्या घटनादुरुस्तीने आलं, एक तृतीयांश आमदार-खासदार एकत्र फुटले तर पद वाचायचं, ती पळवाट २००३ ला ९१ व्या दुरुस्तीने बंद झाली. मग विचारा, व्हिप, म्हणजे मतदान कसं करायचं याचा पक्षाचा आदेश, कोण काढतो, राजकीय पक्ष की विधिमंडळ पक्ष, म्हणजे सभागृहातला त्या पक्षाच्या आमदारांचा गट? सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ च्या निकालात राजकीय पक्ष असं सांगितलं, आणि त्याच निकालात बहुमत चाचणी बोलावणं चुकीचं ठरवूनही आधीचं सरकार परत आणलं नाही कारण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला होता. दोन्ही बाजूंच्या मुलांना यात आवडणारं आणि न आवडणारं सापडतं, आणि तिथे ती विचार करायला लागतात.

आरक्षण पहिल्या सत्रात घेऊ नका. वर्गाला सवय झाली की घ्या, पण घ्याच. त्या दिवशी एक नियम वाढवायचा, कोणालाही "तुमच्या समाजाचं काय म्हणणं" असं विचारायचं नाही. सोळा-सतरा वर्षांच्या पोराने अख्ख्या समाजाच्या वतीने उत्तर द्यावं ही अपेक्षाच अन्याय आहे. आधी आरक्षणाला आधार देणारी कलम १५(४), १६(४) आणि सर्वोच्च न्यायालयाचा आरक्षणावरचा १९९२ चा इंद्रा साहनी निकाल, मग बोलणं.

आणि तुम्ही. "मॅडम, तुम्ही कोणाला मत दिलं?" हे दर वर्षी कोणीतरी विचारतंच. चिडू नका, विषय बदलू नका, लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम ९४ वाचायला द्या, मत कोणाला दिलं हे सांगायची सक्ती कोणावरही करता येत नाही. हाच हक्क मुलांचा पण आहे हे त्याच वेळी सांगा.

५. वर्गाबाहेर. चर्चेचा व्हिडिओ, स्टेटस, स्क्रीनशॉट काहीच नाही. हा नियम मोडला तर माझ्याकडे एकच शिक्षा आहे, पुढच्या तीन चर्चांत बोलायचं नाही, फक्त इतिवृत्त लिहायचं. पालकांचा फोन आला तर ती इतिवृत्ताची वहीच दाखवा, कोण काय म्हणालं ते तारखेसकट त्यात असतं.

६. नियम बदलायचे असतील तर. दिवाळीनंतर एकदा संधी द्या, घटनादुरुस्तीच्या कलम ३६८ सारखी, एकूण वर्गाचं बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांत दोन तृतीयांश. मुलं कोण सुट्टीवर आहे हे मोजायला लागतात, विशेष बहुमत त्यांना परत शिकवावं लागत नाही. दोन नियमांना मात्र हात लावता येणार नाही हे आधीच सांगून ठेवा, मतावर मार्क नाहीत आणि घरच्या माणसाचं नाव नाही. कोणी विचारलं का, तर संविधानाच्या मूलभूत चौकटीला दुरुस्तीनेही हात लावता येत नाही असं सांगणारा १९७३ चा केशवानंद भारती खटला त्यालाच पुढच्या तासाला समजावून सांगायला लावा.