सशांचे मार्कर शोधायचेत? आधी फार्मची वही बघा

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी सशांच्या वाढीशी जोडलेला जेनेटिक मार्कर, म्हणजे डीएनएमधली ओळखीची खूण, निवडला, तेव्हा डीएनए काढणं हेच अवघड असेल असं वाटायचं. ते पंधरवड्यात हाताला बसलं. कानाच्या कडेच्या शिरेतून थोडं रक्त, रक्त गोठू न देणारी ईडीटीएची नळी, बर्फाचा डबा, आणि दिंडोरीकडच्या फार्मवरून नाशिकच्या लॅबपर्यंत मोटारसायकल. प्राणी-नैतिकता समितीच्या परवानगीचा अर्ज मात्र सगळ्यात आधी टाका.

ग्रोथ हार्मोन जनुकाचा तुकडा पीसीआरने वाढवला, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढल्या, एन्झाइमने कापला, जेलवर तुकड्यांचे पट्टे आले. एका जीनोटाइपचे, म्हणजे त्या जनुकाचा एक ठरावीक प्रकार असलेले, ससे दहाव्या आठवड्यात स्पष्ट जड निघाले. मी धावत माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे गेले. त्यांनी आलेख बाजूला ठेवला आणि विचारलं, "यांचा बाप कोण?"

जवळजवळ सगळे एकाच न्यूझीलंड व्हाइट जातीच्या नराचे होते. त्याची इतरही जनुकं पिल्लांत उतरलेली, त्यामुळे वजन कशामुळे वाढलं हे माझ्या तीन नरांच्या नमुन्यातून कळणारच नव्हतं. मग बापाचा परिणाम गणितात धरून पुन्हा विश्लेषण केलं. फरक जवळपास विरून गेला. त्या रात्री झोप लागली नाही, पण प्रबंधात मी तेच लिहिलं.

दुसरा घोळ वहीत होता. मोठ्या वेतातली दोन-तीन पिल्लं दुसऱ्या मादीखाली ठेवायची, ही फार्मची रीत. ससीण बहुधा दिवसातून एकदाच पाजते. सात पिल्लांत वाटलेलं दूध आणि चार पिल्लांत वाटलेलं दूध यांत वजनाला मोठा फरक पडतो. पाजणारी आई कोण, हे वहीत नव्हतंच. पुढच्या वेतापासून प्रत्येक पिंजऱ्याला पुठ्ठ्याचं कार्ड लावलं.

वेतातल्या पिल्लांच्या संख्येवर काम करणार असाल तर आणखी धीर धरा. वाढीची आनुवंशिकता, म्हणजे प्राण्यांमधल्या फरकातला जनुकांचा वाटा, मध्यम असते, पण पिल्लांच्या संख्येची बरीच कमी, बहुधा दहा टक्क्यांच्या आसपास. एका मादीची एकच नोंद काही सांगत नाही, तीन-चार वेतं तरी हवीत. गाभण काळ साधारण ३१ दिवसांचा, म्हणजे वर्ष सहज जातं. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या संशोधकांनी गर्भाशयाच्या क्षमतेसाठी, म्हणजे त्यात किती पिल्लं वाढू शकतात यासाठी, दहा पिढ्या निवड केली. प्रोजेस्टेरॉन या गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनच्या रिसेप्टर जनुकाचा अभ्यास त्याच वंशांवर झाला.

आणि आपल्याकडचा एप्रिल-मे. पारा चढला की नराचं वीर्य बिघडतं, पिल्लं कमी होतात. त्या वेतांवर ऋतूची खूण करा, नाहीतर उन्हाळा मार्करच्या नावावर जमा होतो.